घरटी एक

पाण्याची बादली तीन मजले चढवून ती दारात आली, तेव्हा नवरा खुर्चीत पाय पसरून मोबाइलवर क्रांती करत होता. ‘हक्काचं पाणी’ हा वस्तीचा ग्रुप त्यानेच काढलेला. उगाच गलका नको म्हणून नियमही त्यानेच घातलेला: घरटी एकच माणूस. साहजिकच प्रत्येक घरातून पुरुषच आत गेले होते.

“अगं, ठरलं! उद्या सकाळी पाणीपुरवठ्याच्या कचेरीवर मोर्चा. तुम्ही बायका रिकाम्या बादल्या घेऊन पुढे. बायकांवर पोलीस लाठी उगारत नाहीत.”

“आणि तुम्ही?”

“आम्ही व्हिडिओ काढणार. सगळीकडे फिरवायला नको?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आम्हाला विचारलंत?”

“ग्रुपमध्ये विचारलं की! एकमताने पास.” त्याने ओळीने आलेले अंगठे दाखवले.

तिने बादली दाणकन खाली ठेवली, दुसरी उचलली आणि पुन्हा खाली नळावर गेली. तिथे सगळ्या बायका होत्या, आणि तिथे बोलायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

सकाळी तो मोबाइल पूर्ण चार्ज करून खिडकीशी गेला आणि चपापला. खाली पुरुषांचा घोळका उभा होता. प्रत्येकाच्या हातात रिकामी बादली, प्रत्येकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

“अगं, हे काय? बायका कुठायत?”

तिने त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि तिथे बादली अडकवली.

“घरटी एकच माणूस, तुमचाच नियम ना? निघा. व्हिडिओ आम्ही काढतो.”