भावकीची अँबॅसिडर

पिरनवाडीच्या परशराम अण्णांनी वडिलांची अँबॅसिडर, जिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या, वर्षानुवर्षं खपून नव्यासारखी केली. बायकोला, शालूबाईला, शेजारी बसवून संकेश्वरला एक फेरी मारायची, एवढीच हौस. पण गाडी दारात चमकायला लागली आणि भावकी जागी झाली.

“अण्णा, नवरदेवाला तुमचीच गाडी पायजे!”

भावकीला नाही म्हणता येईना आणि स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात देववेना. सगळी लगीनसराई अण्णा फेटा बांधून लोकांच्या नवऱ्या मिरवत राहिले. शालूबाई मात्र अजून त्या सीटला टेकल्या नव्हत्या.

शेवटी त्यांनीच डोकं चालवलं.

“अवो, औंदा तुमची साठीशांत करूया. पुन्यांदा एकमेकाला हार घालू आणि आपल्याच गाडीतनं मिरवू. मग कोण गाडी मागतंय बघते!”

भटजींकडून तारीखसुद्धा काढून आणली.

तारीख ऐकून अण्णा मान खाजवायला लागले.



“त्या दिवशी मुहूर्त लई चांगला हाय गं. गाडी निपाणीच्या वऱ्हाडाला दिलीया... आणि गाडीसंगं मीबी.”