मापाचा कोट

शाळेच्या सभागृहात कोटांचा डोंगर रचला होता. कुठल्या कुठल्या देशांतल्या मुलांना आखूड झालेले कोट गाड्या भरभरून आले होते, आणि लढाईतून जीव घेऊन निघालेल्या माणसांची रांग पार फाटकापर्यंत गेली होती. मावशी भाचीचा हात घट्ट धरून पुढे सरकत होती. भाची दुधाचे दात पडायच्या वयातली. घर सुटल्यापासून तिने एकदाही हट्ट केला नव्हता. मावशीला त्याचीच धास्ती वाटायची.

"या बाईसाहेब, या!" कोट वाटणारा म्हातारा मुलीला म्हणाला. त्याचा घसा पार बसला होता, तरी प्रत्येक पोराशी तो काहीतरी बोलायचाच. "कुठला रंग देऊ?"

मुलीने रंगांकडे पाहिलंही नाही. ढिगात हात खुपसून तिने एक तपकिरी कोट ओढून काढला. कुणा मोठ्या बाईचा, चुकून आलेला. तिने तो अंगासमोर धरला तर निम्मा फरशीवर लोळला.

"अगं, हा घातलास तर तू सापडायची नाहीस!"

"मला नाही, आईला. तिला थंडी फार वाजते."

"आणि तुला गं?"

"आम्ही दोघी एकात मावतो."

म्हातारा मावशीकडे वळला. "आई मागे आहे का रांगेत? मग घेऊ दे की. कोण नको म्हणतंय!"

मावशीने त्या तपकिरी कोटाकडे पाहिलं. बहीण पाणी आणायला चौकात गेली होती, आणि बॉम्ब पडला तो चौकातच. तिला घाईघाईने मातीआड करून मावशीने पोरीला उचललं, 'आई मागून येतेय' म्हणाली, आणि वाट धरली. आज सांगू, उद्या सांगू करत इथवर आली. आताही नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मागची माणसं खोळंबली होती.

ती भाचीसमोर गुडघ्यांवर बसली.

"बाळा, तो ठेव. तुझ्या मापाचा घे."

"पण मावशी, आई..."

"तुझ्या एकटीच्या मापाचा घे, सोन्या."

मुलगी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मुलीने तो तपकिरी कोट फरशीवर पसरला, दोन्ही बाह्या आत घेऊन नीट घडी घातली आणि ढिगावर ठेवला.

म्हाताऱ्याने एक लहानसा निळा कोट पुढे केला. मुलीने हात पसरले. मावशी बटणं लावायला लागली, पण गळ्याजवळचं पहिलंच बटण काजात जाईना.

"खालून लाव," मुलगी हळूच म्हणाली. "आई खालून लावायची."