लग्नातलं घोंगडं

लेसोथोच्या डोंगरातल्या आमच्या धावपट्टीवर खांबाला बांधलेली, वारा दाखवणारी कापडी पिशवी दर महिन्याला फाटायची. शेवटी लिनेओच्या आईने आपलं लग्नातलं जाड घोंगडं कापून नवी शिवली. "आता फाडून दाखव म्हणावं वाऱ्याला!"

आठवड्याभरात लिनेओच बाळंतपणात अडली. तिला शहरात न्यायला छोटं विमान आलं. वैमानिक खोत्सोने खांबाकडे पाहिलं.

"पाठचा वारा असता तर उडायला पट्टी पुरली नसती, थांबलो असतो, आई. पण पिशवी लोंबतेय. निघतो."

पट्टी संपली तरी विमान हवेत झेपावलं नाही, थेट दरीत गेलं.



लेकीला हाका मारत कड्याकडे धावलेल्या आईच्या डोक्यावरचा रुमाल पाठच्या वाऱ्याने दरीत भिरकावला. खांबावरचं घोंगडं मात्र ढिम्म हलत नव्हतं.