धुराडं आलं की वळायचं

"तीनशे दहा तास विमान चालवलंय मी," विनया घोरपड्यांनी लॉगबुक टेबलावर आपटलं. "शहर बदललं म्हणून माझे हात बदलले का? पुन्हा परीक्षा कसली?"

समोरचा प्रशिक्षक त्यांच्या भाच्याच्या वयाचा होता. "नियम आहे, मॅडम. फ्लाइंग क्लबचं विमान हवं असेल तर आधी माझ्याबरोबर एक फेरी."

नवऱ्याच्या बदलीपायी गाव सोडून या महानगरात यावं लागलं, तेव्हाही त्या इतक्या चिडल्या नव्हत्या. तणतणतच विमानात बसल्या. उड्डाण मात्र असं केलं, की पोराला बोट ठेवायला जागा मिळू नये. रेडिओवरचा शब्दन् शब्द खणखणीत.

परतताना डावीकडे एक धुराडं दिसलं आणि त्यांनी विमान वळवलं. गावाकडे वीस वर्षं हेच तर केलं होतं. साखर कारखान्याचं धुराडं आलं की वळायचं, समोर धावपट्टी असायचीच.

समोर वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या होत्या. प्रशिक्षकानं विमान आपल्या हाती घेतलं.

उतरल्यावर त्यानं लॉगबुक पुढ्यात ओढून पेन उघडलं. "होतं असं, मॅडम. पहिलाच दिवस आहे. करून टाकतो सही."

विनयाबाईंनी त्याचा हात बाजूला सारला. "करून टाकतो म्हणजे? अहो, इमारतींवर नेत होते मी तुम्हाला. याला परीक्षा म्हणतात का तुमच्याकडे? उद्या सकाळी सातला पुन्हा घ्या, नीट. आणि आज नापास लिहा."