ताकातला अंकुर

पोळी सोडून तीन महिने झाले होते आणि केतकीचं पोट शांत होतं. मग पंधरा दिवसांपूर्वी दुखणं पुन्हा सुरू झालं. गव्हातलं ग्लुटेन तिला सोसत नव्हतं, पण आता घरात गहू तिच्या पोटात जात होता कुठून? तिने हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचली, गिरणीवाल्याला विचारलं, तवासुद्धा बदलला. काहीच सापडेना.

गुरुवारी ती बँकेतून लवकर घरी आली. तिचे सासरे, अप्पा, तिच्या ताकात चमचाभर पिवळसर भरड ढवळत होते.

“अप्पा, हे काय?”

अप्पा चपापले. “गव्हाचा अंकुर. दाण्यातला सगळ्यात पौष्टिक भाग. ग्लुटेन असतं ते पांढऱ्या भागात, अंकुरात नाही. चाळीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“तू नको म्हणाली असतीस.” ते खुर्चीत बसले. “तुझ्या सासूबाई अशाच वाळत गेल्या. तेव्हा मी नुसता बघत राहिलो.”

केतकीला पुढे रागावता येईना. दुसऱ्या दिवशी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली.

“अंकुर वेगळा काढताना पांढरा भाग थोडा चिकटून येतोच,” डॉक्टर म्हणाले, “आणि यांना त्रास व्हायला तेवढाही पुरतो.” अप्पांनी त्यांना आणखी अकरा प्रश्न विचारले.

महिन्याभरात केतकी बरी झाली. अप्पा आता तिच्यासाठी तिळाची चटणी कुटतात आणि ताटात वाढण्याआधी विचारतात, “हे चालेल ना गं तुला?”