दुसरा ठोका

दरेकश्याचा टिकाराम रोज संध्याकाळी मोहाची दारू पोटभर प्यायचा. छातीत धडधड मात्र त्याच्या बायकोला, रुख्माला, सुरू झाली. म्हणून तो तिला आगगाडीनं गोंदियाला डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टरनं तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, छातीला नळी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, रोज पिता काय?"

"मी तर चहाबी पेत नाही. पेतात ते हे."

डॉक्टरनं पुन्हा ऐकलं. "इथं दोन ठोके आहेत. एक सरळ चालला आहे, दुसरा झोकांड्या खातो आहे. दारूनं थकलेलं हृदय असंच चालतं."

टिकाराम हसला. "मले पाहा. रोज पेतो, पण काही होत नाही." त्यानं सदरा वर केला.

डॉक्टरनं नळी त्याच्या छातीला लावली. डावीकडे, उजवीकडे, मग पाठीला. नळी झटकून पुन्हा लावली.

"काऊन, काय ऐकू येऊन राहिलं?" टिकारामनं विचारलं.

डॉक्टर त्याच्या मनगटावर नाडी शोधू लागला. रुख्मानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"तिथं कायले शोधता, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "त्यायचा ठोका इथं आहे. पण आता बहुत थांबून थांबून पडून राहिला."