एका घरचे दोन अर्ज

पाय जोड्याच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

दुकानाच्या दारात जमलेल्यांनी टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. जोडे शिवणारा स्टुलावर बसला होता आणि समोर त्याने स्वतःसाठी शिवून कपाटात ठेवलेले जोडे होते. आपला पक्ष निवडून येईपर्यंत पायात काही घालणार नाही, असा नवस तो तरुणपणी देवाला बोलला होता. पक्ष पडत गेला, हा अनवाणी चालत राहिला. गावाचे पाय झाकणारा माणूस स्वतः खडीवरून चालायचा, आणि लोक म्हणायचे, हा स्वतःच्या दुकानाचं गिऱ्हाईक कधी होणार कोण जाणे. आज सकाळी, फेरमोजणी होऊन, काठावर का होईना, पक्ष जिंकला.

वेळेवर जिंकला म्हणायचा. डाव्या टाचेची भेग चिघळली होती आणि जोडा घातला नाही तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. तरी पठ्ठ्या ऐकत नव्हता. नवस मोडला तर देवही तोंड फिरवेल आणि पक्षही, असं त्याचं म्हणणं. देव मोठा की पक्ष, असं कुणी विचारलं की तो सांगायचा, दोघांना मी एकाच गाठीत बांधलंय, आता माझी मलाच सुटत नाही.

"थांबा जरा," तो म्हणाला. "इतक्या वेळा देवाने ऐकलं नाही. मग यंदाच का ऐकलं?"

हा त्याचा जुना स्वभाव. जोडा एकाच बाजूने का झिजला हे कळल्याशिवाय तो टाका घालत नसे. गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल, पण कारण आधी.

पक्षाचा अध्यक्ष हसला. म्हणाला, यात देवाचा काय संबंध, पोरांनी घरोघरी जाऊन चपला झिजवल्या त्याचं हे फळ. देवळाचा पुजारी शेजारीच उभा होता, त्याला ते झोंबलं. चपला दरवेळीच झिजतात, तो म्हणाला, देवाची वेळ यावी लागते. अध्यक्षाने विचारलं, मग देव इतकी वर्षं विरोधी पक्षात होता का? पुजाऱ्याने विचारलं, मग तुम्ही मतमोजणीच्या दिवशी पहाटे देवळात कशाला आला होता? लोकांना जोड्यांपेक्षा या भांडणातच जास्त रस वाटू लागला. दोघांनाही श्रेय हवं होतं आणि उत्तर एकाकडेही नव्हतं. शेवटी जोडे शिवणाऱ्याने हात जोडले आणि जोडे संध्याकाळी घालतो म्हणून सगळ्यांना वाटेला लावलं.

बायको मागच्या खोलीतून कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आली. त्याचा पाय मांडीवर घेऊन ती जखम धुवू लागली. हे ती रोज करायची. जोडा घाला म्हणून ती रागावली होती, रडली होती, अबोलाही धरून झाला होता. अबोला तीनच दिवस टिकला, कारण पट्टी बांधताना दुखतंय का, हे विचारावंच लागायचं.

पण तिचा पक्ष वेगळा होता. समोरचा. तिचे वडील त्या पक्षासाठी तुरुंगात गेले होते, आणि त्यांच्या शेवटच्या आजारपणात तिने त्यांचा हात धरून शब्द दिला होता की, माझं मत दुसरीकडे जाणार नाही. लग्नातही तिने एकच अट घातली होती. मत कुणाला दिलं हे विचारायचं नाही. त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि विचारायचं होतंच काय? दर मतदानाला ती सकाळी आधी देवळात जायची, डोळे मिटून बराच वेळ बसायची आणि मग रांगेत उभी राहायची. तो चिडवायचा, "एकाच घरातून दोन उलटे अर्ज गेल्यावर देव तरी काय करणार?" ती नुसती हसायची.

आज मात्र त्याला वेगळीच शंका आली. त्याने पाय मागे घेतला.

"अगं, यंदा तुझा अर्ज गेला नाही की काय? म्हणून माझा मंजूर झाला?"

ती या खेपेला हसली नाही. पाय पुन्हा ओढून घेऊन तिने मलम लावलं, पट्टी गुंडाळली.

"अर्ज उलटा कधीच नव्हता," ती म्हणाली. "मीसुद्धा तुमचाच पक्ष मागायचे. तुमचे पाय बघवायचे नाहीत मला."

"आणि मत?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने हा शब्द तिच्यापुढे उच्चारला होता. त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं झालं.

"मत आमच्या पक्षाला. बाबांना शब्द दिला होता ना. म्हटलं, देवाला काय अशक्य आहे, माझ्या एका मताने त्याचं काय अडणार आहे?"

तो तिच्याकडे बघत राहिला. देवाकडे एक मागायचं आणि हाताने दुसरंच करायचं, आणि दोन्ही अगदी मनापासून. त्याला राग यायला हवा होता. पण उत्सुकताच जास्त वाटत होती.

"मग यंदा?"

तिने जोडा उचलला, त्याचं तोंड दोन्ही हातांनी रुंद केलं आणि दुखरा पाय हळूच आत सरकवला. तिचे डोळे भरून आले होते. ते पाणी बहुतेक वडिलांसाठी असावं.

"यंदा देवाकडे काहीच मागितलं नाही," ती नाडी बांधत म्हणाली. "यंदा मत दिलं."